फ्रंट लोड मशीन पाणी सोडत नाही, पंपाचा आवाज येतो. पंपच बदलायचा का?

त्रिमूर्तीनगर_३

७ किलोची फ्रंट लोड आहे, सहा वर्षं जुनी. धुणं नीट होतं, पण स्पिनच्या आधी मशीन अडकते आणि ड्रेनचा एरर दाखवते. दाराच्या काचेत खालच्या कडेपर्यंत पाणी दिसतंय आणि कपडे आतच आहेत. दार लॉक.

खालून गुणगुण असा आवाज येतो, म्हणजे पंपाला करंट मिळतोय असं वाटतं. गंमत म्हणजे मशीन बंद करून थोड्या वेळाने परत चालू केली की थोडं पाणी जातं आणि पुन्हा थांबतं. ड्रेनची नळी गॅलरीतल्या भिंतीतल्या पीव्हीसी पाइपात टाकली आहे. पाणी अर्धं नळाचं, अर्धं सोसायटीच्या बोअरचं.

मेकॅनिकने फोनवरच "पंप गेला, नवीन टाकावा लागेल" असं सांगितलं. न बघता पंप बदलायला मन होत नाही. आधी काय काय तपासावं? आणि हे पाणी बाहेर कसं काढू? फिल्टर उघडला तर गॅलरीभर होईल.

ओहम_मीटर

पंप सध्या विकत घेऊ नका. आवाज येतोय आणि अधूनमधून पाणी जातंय, याचा अर्थ कॉइल (पंपाच्या मोटरमधली तारेची गुंडाळी) शाबूत आहे. जळालेला पंप गुणगुणत नाही, गप्प बसतो.

आधी पाणी काढा. प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नळाची तोटी बंद. गरम पाण्याचा प्रोग्राम लावला असेल तर पाणी निवेपर्यंत थांबा, ६० अंशाचं पाणी हातावर आलं तर भाजतं. मग पुढच्या बाजूला खाली उजवीकडे (काही मॉडेलना डावीकडे) छोटं झाकण असतं, ते चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उघडा. आत फिल्टरची मोठी गोल मूठ दिसेल आणि शेजारी बोटाएवढी बारीक काळी नळी, टोकाला बूच. ती नळी बाहेर ओढा, खाली परात किंवा पसरट घमेलं ठेवा, बूच काढा. परात भरत आली की बूच परत लावा, ओता, परत काढा. तुमच्या पातळीवरून १० लिटरपेक्षा जास्त निघेल, कारण कपड्यांनी धरलेलं पाणीही उतरत राहतं. वेळखाऊ आहे, पण फरशी कोरडी राहते.

बारीक नळी नसेल तर ड्रेनची मोठी नळी भिंतीतून काढून तिचं तोंड जमिनीवरच्या परातीत टेकवा. पुष्कळ मशीनमध्ये त्याने बरंच पाणी आपोआप उतरतं. काहींत नळी आतून वर चढवून खाली आणलेली असते, तिथे हे चालत नाही. मग फिल्टर अर्धा आटा सैल करून थोडं थोडं सोडत बसायचं, दुसरा मार्ग नाही.

दाराचं हँडल ओढू नका. पाणी उतरल्यावर आणि करंट बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांत लॉक स्वतः सुटतं. नाहीच सुटलं तर काही मॉडेलमध्ये फिल्टरच्या कप्प्यातच एक पट्टी असते, ती हलकेच खाली ओढायची.

आता फिल्टर डावीकडे फिरवून पूर्ण काढा आणि पोकळीत टॉर्च मारा. तळाशी पंपाचा पंखा, म्हणजे इंपेलर दिसेल. बोटाने किंवा पेन्सिलीने फिरवून बघा. गुळगुळीत फिरायला नको, टक-टक असा अडखळत फिरायला हवा. आत चुंबक असल्यामुळे तसं होतं आणि तेच चांगलं लक्षण आहे. थोडासा मागेपुढे सैल हललाही तरी बिघडलं नाही, तसा खेळ मुद्दाम दिलेला असतो. पण अजिबात न अडखळता गरागरा फिरला तर पंखा आतल्या शाफ्टवरून सुटलाय. आणि हललाच नाही तर काहीतरी अडकलंय.

सगळ्यात जास्त काय सापडतं सांगू? उन्हाळ्यात तोंडाला बांधायच्या शेल्या-दुपट्ट्यांच्या दशा. नागपुरात एप्रिल-मेमध्ये हे रोज धुवायला पडतात. त्या दशा पंख्याच्या पाठीमागे, बुडाशी गुंडाळल्या जातात. समोरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसतो. चिमट्याने मागून ओढून काढा, कात्री घालू नका, रबरी सील कापलं जाईल. त्याखालोखाल नाणी, हेअरपिना, ब्लाऊजचे हूक आणि अंतर्वस्त्रांतली तार.

मल्टिमीटर असेल तर प्लग काढलेला ठेवून पंपाच्या दोन टोकांवर ओहम मोजा. साधारण १२० ते २०० ओहम आले की कॉइल ठीक. काहीच आकडा नाही, म्हणजे तुटली. फक्त पंप गरम असताना मोजू नका. पुष्कळ पंपांत कॉइलच्या आत थर्मल कटआउट (जास्त तापलं की करंट तोडणारा स्विच) असतो, तो उघडलेला असेल तर चांगला पंपही मेलेला दाखवतो. थंड झाल्यावर परत मोजा.

एररचं म्हणाल तर कोड कंपनीगणिक बदलतात. एलजीमध्ये ओई, सॅमसंगमध्ये ५ई किंवा ५सी (५ई पुष्कळांना एसई वाटतो), बॉशमध्ये ई१८. पण कोड एवढंच सांगतो की ठरलेल्या वेळात पाणी गेलं नाही. का गेलं नाही ते मशीनला कळत नाही. म्हणून कोडवरून फोनवर "पंप गेला" म्हणणं म्हणजे निव्वळ अंदाज.

नळी_आणि_नहाणी

वरचं सगळं बरोबर, पण त्याच्याही आधी एक सोपी गोष्ट करा. नळी भिंतीतल्या पाइपातून काढा, मोठ्या बादलीत तोंड ठेवा, बादली स्टुलावर ठेवा म्हणजे नळीचं तोंड जमिनीपासून ६० ते ९० सेंमीवर राहील, आणि फक्त स्पिन लावा. एकाने बटणावर हात ठेवून उभं राहायचं, कारण पंप चांगला असेल तर २० लिटरची बादली दीड मिनिटाच्या आत भरते. बादलीत जोरात धार आली आणि भिंतीतल्या पाइपात टाकल्यावर थांबते, असं झालं तर दोष मशीनमध्ये नाहीच. तो नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखाली पाणी साचून वास अडवणारा भाग) किंवा भिंतीतल्या पाइपात आहे. प्लंबर बोलवा, मेकॅनिक नको.

नळीचं टोक भिंतीत किती आत गेलंय तेही बघा. हातभर आत कोंबलं आणि भोवती एम-सील लावलं की हवा यायला जागा राहत नाही. मग एक तर पाणी कोंडतं, नाही तर सायफन होऊन मशीन भरता भरताच रिकामी होते. १०-१५ सेंमी आत पुरे, आणि भोवती फट पाहिजे. वास येतो म्हणून फट बुजवतात लोक. वास येत असेल तर खालचा ट्रॅप कोरडा पडलाय, त्याची सोय वेगळी करा.

नळी जमिनीवर लोळत ठेवायचीही चूक नको. फ्रंट लोडला तोंड ६० सेंमीच्या वर हवं आणि साधारण एक मीटरच्या खाली. फार वर नेलं तर पंपाचा जोर पुरत नाही. हा पंप जेमतेम ३० वॉटच्या आसपासचा असतो. त्याला टाकीवर पाणी चढवायची मोटर समजू नये.

मशीन मागे सरकवताना नळी भिंतीशी दाबली जाते, तेही एकदा बघाच. साफसफाईनंतर किंवा शिफ्टिंगनंतर लगेच सुरू झालेली तक्रार असेल तर दहातली बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

बर्डीवाला_स्पेअर

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी नळी हाताने चाचपून घ्या. उंदीर कुरतडतात. फ्रंट लोडचं बूड पुष्कळदा उघडं असतं, उंदीर आत शिरून वायरी पण खातात. पंप गप्प असेल तर कॉइलच्या आधी वायर बघा.

पंप घ्यायची वेळ आलीच तर जुना पंप हातात घेऊन दुकानात जा. नुसतं "सात किलोवाली मशीन" सांगून घेऊ नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत पंपाचं फिटिंग वेगळं, कुठे तीन स्क्रू, कुठे फिरवून बसवायचा खटका. टर्मिनल पण वेगवेगळे. स्टिकरवरचा नंबर, व्होल्ट आणि वॉट जुळले पाहिजेत. पंख्याची पाती पण मोजून घ्या. पुष्कळदा जुन्याचं घर म्हणजे फिल्टरचा डबा चांगला असतो, फक्त मागची मोटर बदलली की होतं. पूर्ण असेंब्ली गळ्यात मारून राहिले तर विचारा, काहून लागते म्हणून.

टॉप_लोड_प्रश्न

मधेच विचारतो, माफ करा. आमची टॉप लोड फुल ऑटोमॅटिक आहे. तिच्यात फिल्टरचं झाकणच नाही. तीही पाणी सोडत नाही आणि स्पिनला टब फिरत नाही, नुसता आतला चकती-पंखा हलतो. दोन वेगळे बिघाड आहेत का?

ओहम_मीटर

@टॉप_लोड_प्रश्न, एकच आहे. तुमच्या प्रकारच्या बहुतेक मशीनला पंप नसतो. खाली व्हॉल्व्ह असतो आणि एक छोटी गिअरवाली ड्रेन मोटर वायर ओढून तो उघडते. तीच ओढ क्लचचा लिव्हरही सरकवते, म्हणजे धुण्याचा गिअर सुटून स्पिनचा लागतो. ती मोटर गेली की पाणीही अडतं आणि टबही फिरत नाही. दोन्ही लक्षणं एकत्र आली की आधी तिच्यावरच संशय घ्यायचा.

तपासायची रीत अशी. प्लग काढा. टबातलं पाणी मगाने उपसा, नाही तर मशीन वाकवता येणार नाही. मागचं पत्र्याचं झाकण काढा किंवा मशीन थोडी मागे झुकवून कोणाला तरी धरायला लावा, आणि खालून व्हॉल्व्हची दांडी शोधा. टबात एक-दोन मग पाणी ओता आणि दांडी पक्कडीने हाताने ओढा. पाणी भसकन गेलं तर व्हॉल्व्ह ठीक, मोटर किंवा तिची वायर गेली. ओढूनही गेलं नाही तर व्हॉल्व्हच्या रबरी घडीत काही अडकलंय. व्हॉल्व्हची टोपी फिरवून निघते. आत स्प्रिंग आणि रबरी बेलो, तिथे नाणं किंवा सेफ्टी पिन निघते. बेलो परत बसवताना वेडावाकडा बसला तर पाणी गळत राहतं आणि मशीन भरतच नाही, म्हणून बोटाने कडेकडेने दाबून बघा.

आणि तुमची नळी जमिनीलगतच हवी. फ्रंट लोडचा ६० सेंमीचा नियम तुम्हाला लावू नका, तुमच्याकडे पाणी फक्त उतारावर जातं. मधेच उंबरठ्यावरून चढवली, किंवा लांब जोडनळी लावून गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला नेली, की पाणी तिथेच थांबलं.

सेमी ऑटोमॅटिकवाल्यांसाठी दोन ओळी: ड्रेनची मूठ फिरवली की आत एक पट्टी व्हॉल्व्ह वर उचलते. पट्टी सैल झाली किंवा आकड्यातून निघाली की मूठ हलकी फिरते आणि पाणी जात नाही. वरचं पॅनेल उघडून पट्टी एक भोक आखूड करायची.

त्रिमूर्तीनगर_३

तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. बारीक नळीने पाणी काढलं, दार उघडलं. फिल्टरमध्ये एक पाच रुपयांचं नाणं आणि खरंच पंख्यामागे दुपट्ट्याच्या दशांचा गुंता होता. काढला. पंखा आता टक-टक फिरतो. मल्टिमीटरवर १६४ ओहम.

बादलीचा प्रयोगही केला. सुरुवातीला जोरदार धार, मग आठ-दहा सेकंदांत एकदम बारीक, मग बंद. पंप गुणगुणतोच. स्पिन बंद करून थोडं थांबलं आणि परत लावलं की पुन्हा तसंच: जोरात धार, मग बंद. भिंतीचा पाइप तर मधे नाहीच आता. मग काय राहिलं?

बर्डीवाला_स्पेअर

पन्नी आहे भाऊ आत. खर्र्याची (तंबाखू-सुपारीच्या पुडीची).

ओहम_मीटर

शक्यता तीच दिसते. कारण सांगतो.

टबाच्या बुडापासून पंपापर्यंत एक जाड, घड्यांची रबरी नळी असते. खर्र्याची पातळ प्लॅस्टिक पन्नी, चॉकलेटचा कागद, लहान मुलाचा मोजा, असलं काही त्या नळीत किंवा टबाच्या तोंडाशी असलं की पंप सुरू होताच ते ओढलं जाऊन तोंडावर चिकटतं. पंप बंद झाला की ओढ संपते, ते सुटून तरंगतं, वाट मोकळी. परत सुरू केला की परत चिकटतं. तुमचं "जोरात, मग बंद, थांबलं की परत जोरात" हे अगदी तसंच चाललंय. दशा किंवा नाणं असं वागत नाहीत. ते अडकले की अडकलेलेच राहतात.

पन्नी फिल्टरच्या बाजूने दिसणार नाही, ती त्याच्या मागे आहे. काढायची अशी:

प्लग काढा, उरलंसुरलं पाणी बारीक नळीने उतरवा. फिल्टरच्या तोंडातून दोन बोटं आत घालून टबाच्या दिशेने वर वळवा, कधी कधी पन्नीचं टोक हाताला लागतं. लागलं तर झटका देऊ नका, हळू ओढा. अर्धी फाटून आत राहिली तर काम दुप्पट.

नाही लागली तर खालून जावं लागेल. मशीनखाली जुनी गोधडी अंथरून ती डाव्या किंवा उजव्या कुशीवर झुकवा. फिल्टर ज्या बाजूला आहे ती बाजू वर ठेवा. वजन ६०-७० किलो असतं, कारण आत काँक्रीटचा ठोकळा असतो, तेव्हा दोन माणसं हवीतच. काही मॉडेलना बुडाला पत्रा असतो, तो चार स्क्रूंवर. टबाची जाड नळी पंपाला स्प्रिंगच्या क्लॅम्पने लावलेली असते. पक्कडीने क्लॅम्पचे दोन कान दाबून तो मागे सरकवा आणि नळी पिळून काढा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, क्लॅम्पचे कान कोणत्या दिशेला होते ते कळायला. उलटे बसले तर हलत्या टबाला घासतात.

नळीत हात घाला, मग टबाच्या तोंडातही. काही मशीनमध्ये त्या तोंडाशी एक पोकळ प्लॅस्टिकचा चेंडू असतो, तो हरवू नका, तो परत तसाच हवा.

गोकुळपेठ_ताई

मशीन उघडलीच आहे तर दोन गोष्टी साबणाबद्दल, कारण हाच प्रश्न चार महिन्यांनी परत येतो.

बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट गाळ होतो. तो आणि कपड्यांचा तंतू मिळून त्या जाड नळीच्या घड्यांत थर बसतो. नुसत्या क्षाराने ड्रेन सहसा तुंबत नाही, तो हीटरवर बसतो. तुंबवतो हा गाळ. नळी हातात आलीच आहे तर आतून बाटली घासायच्या ब्रशने घासून घ्या.

दुसरं, हाताने धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये घालू नका. तिचा फेस मावत नाही. पंपाला पाणी ओढता येतं, फेस ओढता येत नाही, आत हवा धरते आणि ड्रेनचा एरर येतो. पंप बदलला तरी येतच राहणार. असं झालं तर मशीन बंद करून फेस बसू द्या, कपड्यांना लावायचं सॉफ्टनर एक झाकण घाला, त्याने फेस मोडतो, मग फक्त रिन्स आणि स्पिन.

महिन्यातून एकदा ड्रम रिकामा ठेवून १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून ६० अंशाचा प्रोग्राम चालवला तर क्षार सुटतो. मात्र त्याच फेरीत ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच घालायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि क्षाराचे पापुद्रे सुटून खाली येतात, म्हणून ती फेरी झाली की फिल्टर लगेच साफ करा.

त्रिमूर्तीनगर_३

निघाली. पन्नी आणि सोबत दोन रबर बँड. टबाच्या तोंडाशीच आडवी होती, फिल्टरकडून हाताला आली नसती. नळीच्या घड्यांतला काळा गाळही घासून काढला.

आता नळी बसवली, बादलीत धार सलग आली, पाणी पूर्ण गेलं. पण ड्रम रिकामा असूनही एकदा मधेच एरर दिसला आणि पंप विनाकारण चालत राहिला. नंतर आपोआप थांबला. हे काय नवीन?

ओहम_मीटर

प्रेशर सेन्सरची नळी. टबाच्या खाली एक हवेची छोटी कोठी असते, तिच्यातून बारीक रबरी नळी वरच्या पॅनेलखालच्या सेन्सरला जाते. पाणी वाढलं की त्या नळीतली हवा दाबली जाते, त्यावरून मशीन पातळी ओळखते. कोठीत गाळ असेल किंवा मशीन आडवी केल्यावर नळीत पाण्याचे थेंब गेले असतील तर दाब उतरत नाही, आणि रिकामा ड्रम मशीनला भरलेला वाटतो.

प्लग काढा. मागचे दोन स्क्रू काढून वरचं झाकण मागे सरकवा. सेन्सरवरून नळी काढून टबाच्या दिशेने तोंडाने फुंका. बुडबुड आवाज येऊन हवा मोकळी गेली की झालं. सेन्सरच्या दिशेने जोरात फुंकू नका, आतला पडदा फाटतो. कंप्रेसरची हवा तर अजिबात नाही. नळीचं टोक ताणून सैल झालं असेल तर अर्धा सेंमी कापून परत घट्ट बसवा.

नळी_आणि_नहाणी

कपडे घालण्याआधी रिकामी एक रिन्स-स्पिन चालवा. खाली वर्तमानपत्र पसरा, फिल्टरच्या तोंडाखाली आणि त्या क्लॅम्पच्या खाली. फरशीवर थेंब लक्षात येत नाही, कागदावर लगेच डाग दिसतो. फिल्टरकडे ओल आली तर त्याचं रबरी रिंग काढून धुवा, आट्यावर केस राहिला असेल तर तोच गळवतो. क्लॅम्पकडे आली तर नळी पंपाच्या नळकांड्यावर कडेपर्यंत चढली नाही, परत काढून ढकलून बसवा.

त्रिमूर्तीनगर_३

फुंकल्यावर बुडबुड आवाज आला, एरर गेला. फिल्टरच्या आट्यावर खरंच केस होता, काढल्यावर कागद कोरडा. मेकॅनिकला येऊ नका म्हणून कळवलंय.

बर्डीवाला_स्पेअर

बेस्ट. आता धुवायला टाकताना खिसे उलटे करायची ड्युटी ज्याचा खर्रा त्याच्याकडं द्या.